चौकटीवरचा तेलकट डाग

१४ जानेवारी १९९७

रुफिनो,

अक्षर ओळखलं असशील. नसेल ओळखलं तर खाली नाव आहे, पण तिथवर पोचायच्या आधी पत्र फाडू नकोस.

कसा आहेस म्हणून मी विचारणार नाही. वाईट बातमी असती तर समुद्र ओलांडून केव्हाच इथे आली असती, तेव्हा बरा असशील. मला माझ्यासाठी काही नको. पैसे नकोत, आणि तिकडे सांतुर्सेत तुझ्या त्या बाईची खुशालीही नको. काम नेल्विनचं आहे म्हणून लिहितेय, नाहीतर इतक्या वर्षांनी मी कागद हातात धरला नसता.

तुझा मुलगा सोळाव्यात आहे. तू होडीत बसून गेलास तेव्हा तो मोज्यात चिंध्या कोंबून त्याचा चेंडू करायचा. आता तावोच्या मैदानावर खरा बेसबॉल खेळतो. तावो आठवतो ना? कारखान्याच्या फाटकात उसाच्या गाड्यांचं वजन करायचा, तो ढेरपोट्या. हल्ली तो पोरं तयार करतो आणि क्लबच्या माणसांना दाखवतो. पोर कुठे लागलं की त्यातला वाटा याचा. सगळी वस्ती आता त्याला मानाने 'डॉन तावो, डॉन तावो' करते. मी नाही करत. मी त्याला शेंबडा असल्यापासून ओळखते.

शनिवारी मैदानावर स्काउट आला होता. पेगेरो नाव त्याचं. आपल्याच सान पेद्रोचा आहे, पण उत्तरेतल्या मोठ्या क्लबसाठी पोरं बघत बेटभर फिरतो. मी कुंपणापाशी नेहमीसारखी कढई लावून यानिकेकेच्या पुऱ्या तळत होते, म्हणून सगळं डोळ्यांनी बघितलं. तावोने त्याच्यासाठी बाक पुसून ठेवला होता, हा गडी माझ्याशेजारी रिकाम्या खोक्यावर येऊन बसला. एक गरम यानिकेके खाल्ला, पैसे मोजून दिले, आणि मग कामाला लागला. तेव्हाच मला माणूस बरा वाटला.

आधी पोरांना पळवलं. घड्याळ हातात होतं, पण पहिला कोण येतो ते तो बघतच नव्हता, पावलं कशी पडतात ते बघत होता. मग चेंडू फेकायला लावले. रुफिनो, नेल्विनने लांबच्या कोपऱ्यातून असा फेकला की समोरच्या पोराच्या हातमोज्यात फाडकन आवाज झाला आणि डॉमिनो खेळणारी दोन म्हातारी टेबलावरून उठून बघायला आली. मी तोंडावर काही दाखवलं नाही. फक्त कढईतला घाणा करपला.

मग बॅट. तेव्हा पेगेरो चक्क मैदानाकडे पाठ करून उभा राहिला. मला वाटलं, याने अपमान केला पोराचा. तावो कुजबुजला, "गप गं, तो ऐकतोय. चांगला बसलेला फटका आवाजावरून कळतो." नंतर त्याने एका जुन्या खेळाडूला वळणारे चेंडू टाकायला सांगितले, आणि आता मात्र वळून बघत राहिला. चेंडू नाही, बॅट नाही, नुसता नेल्विनचा चेहरा. शेवटी सदरे काढायला लावले. खांदे बघितले, मनगटं अंगठा-बोटात धरून बघितली, बुटाचं माप विचारलं. बैल घ्यायला आलेला माणूसही इतकं बघत नाही. मग त्याने नेल्विनला आंब्याखाली बाजूला नेलं, खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ बोलला. तावोही होता. पोर मान हलवत होतं.

घरी आल्यावर पाय धुतले, पाणी प्यायला, आणि मला म्हणाला, "आई, त्यांना बाबांना बघायचंय."

"बाबांना कशाला? खेळणार तू की ते?"

"अगं, अंगासाठी. आता मी काटकुळा आहे, पुढे किती भरणार ते त्यांना कसं कळणार? बापाकडे बघून कळतं. मिनायांच्या पोराच्या वेळी नाही का, बापाला उसाच्या गाडीवरून उतरवून आणलं होतं?"

"आणि आईकडे बघून नाही कळत? मी काय तिथे नव्हते?"

"तुला बघितलं, म्हणून तर बाबांना बघायचंय म्हणाले."

मला हसू आलं. खरंच आहे, माझ्याकडे बघून कोण क्लब पैसे लावेल? आपल्या लग्नाच्या फोटोत फादरना वाटलं होतं मी खुर्चीवर बसलेय.

तो फोटो असता तर तोच दिला असता. पण वादळात छप्पर उडालं तेव्हा पेटी भिजली, एकही फोटो उरला नाही. तुझ्या उंचीचा पुरावा म्हणून घरात फक्त स्वयंपाकघराच्या दाराची चौकट आहे. तू रोज आत येताना वरच्या फळीवर डोकं आपटायचास, सुताराच्या आईचा उद्धार करायचास, आणि मी चुलीपासून ओरडायचे, "रुफिनो, वाकून ये, किती वेळा सांगायचं!" तुझ्या केसांच्या तेलाचा डाग तिथे अजून आहे. वादळानंतर सगळं घर निळं रंगवलं, तेवढी जागा राहिली. माझा हात पोचत नाही तिथे.

पेगेरो ईस्टरच्या सुमाराला परत येणार आहे म्हणे. तू ये. एक सकाळ कुंपणापाशी उभा राहा. बोलू नकोस, माझ्याकडे बघू नकोस, नुसता उभा राहा. मला ठाऊक आहे तुझ्याकडे तिथे राहायचे कागद नाहीत, एकदा इकडे आलास की परत तिकडे जाता येणार नाही. मी लहान गोष्ट मागत नाही आहे. पण पोराच्या आख्ख्या जन्माचा प्रश्न आहे आणि त्याला लागतंय ते फक्त तुझं हाडापेराचं माप. ते द्यायला तुला काही नवीन करायचं नाही, जन्मतःच घेऊन आलायस.

पत्र शेजारच्या मेचेच्या भाच्याबरोबर, कीकेबरोबर पाठवतेय. तो आता राजधानीहून तिकडे मायाग्वेसला जाणाऱ्या बोटीवर कामाला आहे. उत्तर त्याच्याच हाती दे.

ओनेलिया


२० फेब्रुवारी १९९७

रुफिनो,

कीके म्हणतो, पत्र तुझ्या हातात दिलं. तू दार पूर्ण उघडलं नाहीस, आतूनच हात बाहेर काढलास, असंही म्हणतो. आत कोण होतं ते मी त्याला विचारलं नाही.

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. मला तुझी ती सवय आहे. पण नेल्विनला नाही, म्हणून पुन्हा लिहितेय.

बोट आली की तो बंदरावर जातो. मला सांगतो, पळण्याचा सराव करायला चाललो. सान पेद्रोहून राजधानीच्या बंदरापर्यंत कोण पळत सरावाला जातं? बसच्या टपावर बसून जातो आणि संध्याकाळी तोंड पाडून येतो. मी काही विचारत नाही, तो काही सांगत नाही. पानातलं सगळं संपवतो आणि दारातल्या खोक्यावर उभा राहून तुझ्या त्या डागाला डोकं कुठवर लागतं ते बघतो. खोक्याशिवाय अजून चार बोटं कमी पडतात.

तावोचंही काहीतरी बिघडलंय. माझ्याकडून यानिकेके घेतो आणि घासाघीस न करता पैसे टाकून निघून जातो. तावो! ज्याने आईच्या मयताच्या प्रार्थनेला... जाऊ दे, मेलेल्यांना कशाला मध्ये आणा. मी त्याला विचारलं, "पेगेरो परत कधी येतोय नक्की?" तर म्हणाला, "येईल गं, येईल," आणि ढेरी सावरत चालता झाला.

मेचेने एक युक्ती काढली होती. तुला माहीत आहे तिचं डोकं. म्हणाली, "इंग्लिश चर्चमधले विल्मट मास्तर आहेत ना, ताडासारखे उंच, रंगही नेल्विनसारखाच. एक सकाळ उभे करू त्यांनाच बाप म्हणून. पेगेरोला काय कळतंय? मास्तरांना मी पटवते, माझ्या राजम्याच्या खिरीवर त्यांचा जीव आहे." मी म्हटलं, देवाच्या माणसाला खोटं बोलायला लावतेस? "बोलायचं कुठे आहे, नुसतं उभं राहायचंय," म्हणाली. खोटं कशाला बोलू, मला क्षणभर पटलं.

नेल्विनला मात्र असा राग आला की मी घाबरले. "दुसरा कुणी नको!" म्हणून ताट सरकवलं. मेचेला उलट बोलला, तिने त्याला अंघोळी घातल्यात रे. मी म्हटलं, "अरे, क्लबला काय, कुठलाही उंच माणूस चालेल."

"मला नाही चालणार," म्हणाला, आणि बाहेर गेला.

रुफिनो, तू माझ्याशी जे केलंस ते मी गिळलं. एक वर्षासाठी जातो म्हणालास, मी तुझी पिशवी भरली. मग तुझं तिथे दुसरं घर झालं हे मला दुकानात, डॉमिनोच्या टेबलावरून कळलं, सगळ्यांसमोर. तरी मी पोरासमोर तुझ्याबद्दल वावगा शब्द काढला नाही. तो तुझ्याबद्दल जे काही चांगलं मानतो ना, ते मी मानू दिलंय म्हणून मानतो. त्याची किंमत म्हणून तरी ये. नाहीच जमलं तर पूर्ण उंचीचा एक फोटो पाठव, दारात उभा असलेला.

ओनेलिया


२८ मार्च १९९७, गुड फ्रायडे

रुफिनो,

तुझं पत्र आणि फोटो मिळाला.

आज घराघरांतून गोड राजमा आटतोय, मीही सकाळपासून पातेलं ढवळतेय. शेजारणी वाट्या घेऊन येतायत, मी वाट्या भरून देतेय, आणि कुणी विचारलं की डोळे कशाने लाल, तर धुराने म्हणतेय. धूर नाही. पत्र चार वेळा वाचलं.

दोन वर्षांपूर्वी तू परांचीवरून पडलास, आणि मला आज कळतंय. मला वाटायचं वाईट बातमी समुद्र ओलांडून येते. तू येऊच दिली नाहीस. ती बाई तर त्याआधीच तुला सोडून गेली होती, असं लिहिलंयस. मग तू तिथे कुणाजवळ होतास रे? तुला पाणी कुणी दिलं?

तू लिहिलंयस, "मी आता कुठल्याही दारातून डोकं न आपटता जातो, कारण वाकलेलाच असतो." लिहिताना हसला असशील. मला नाही हसू आलं. पुढे लिहिलंयस, "तो माणूस पोराचं उद्याचं अंग माझ्यात बघणार. मी असा काठी टेकत कुंपणापाशी उभा राहिलो तर त्याला वाटेल यांच्या पाठीच अशा. माझ्या पायाने चालत येऊन मी त्याचं नशीब मोडू का? हा पडायच्या आधीचा फोटो आहे. हा दाखव. आणि नेल्विनला माझ्या पाठीचं सांगू नकोस. दोन जुलैपासून क्लबवाले पोरं घेतात, तेव्हा मी रोज पेपर बघेन. त्याचं नाव आलेलं दिसलं की मला सगळं मिळालं."

मी दोन महिने तुला मनातल्या मनात शिव्या देत होते. त्या परत घेते म्हटलं तरी आता घेता येत नाहीत.

तू सांगितलंस तसंच केलं. नेल्विनला म्हटलं, बाबांना कामावरून सुट्टी मिळत नाही. फोटो पाठवलाय, तो चालेल. त्याने फोटो हातात घेतला. तू सिमेंटच्या घराच्या दारात उभा आहेस, केस वरच्या पट्टीला टेकलेत, आणि कुणीतरी खोडी काढल्यासारखा हसतोयस. पोराने तो इतका वेळ बघितला की मला वाटलं आता काहीतरी बोलेल.

"फोटो चालत नाही," म्हणाला.

"असं कसं? माप कळतंय की त्यात."

"नाही चालत, आई." फोटो टेबलावर उपडा ठेवला. "सुट्टी मिळत नाही म्हणे. एक दिवसाची."

त्याचा आवाज असा होता की खरं काय ते माझ्या ओठावर आलं होतं. पण तुला शब्द द्यायच्या आधीच मी तो पाळायचं ठरवलं होतं, म्हणून गप्प बसले. आता तो तुझ्यावर रागावलाय, आणि तू त्याच्यासाठीच आला नाहीस हे मला एकटीला माहीत आहे. फार जड आहे हे.

पण फोटो चालत नाही हे ठरवणारा तो कोण? मंगळवारी पेगेरो पलीकडच्या वस्तीच्या मैदानावर येतोय, मी चौकशी केली. मी स्वतः जाते. चर्चला जायचा झगा घालते आणि फोटो त्याच्या हातात देते.

तू खोली सोडून स्वस्तात कुठेतरी जाणार असं लिहिलंयस. नवा पत्ता कीकेला सांगून ठेव.

ओनेलिया


२ एप्रिल १९९७

रुफिनो,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. कुठेतरी बस आधी.

काल गेले होते. पेगेरो बाकावर एकटाच होता, पोरं अजून जमायची होती. मी रुमालातून फोटो काढून त्याच्यापुढे धरला.

"कोण हे, बाई?"

"नेल्विनचे वडील. तावोच्या मैदानावरचा नेल्विन. तुम्हाला बघायचे होते ना. ते येऊ शकत नाहीत, पण उंची बघा, खांदे बघा."

त्याने फोटो घेतला, मग माझ्याकडे बघितलं, आणि टोपी काढली. टोपी काढल्यावर मला समजलं की काहीतरी वाईट आहे.

"बसा, बाई. मी कुणाला बोलावलं नव्हतं. मी पोराला जानेवारीतच सांगितलं, तुमचा तावोही होता. हात आहे त्याच्याकडे, पाय आहेत. पण चेंडू वळायला लागला की त्याची नजर मागे राहते. चेंडू गेल्यावर त्याला कळतं तो कुठे वळला. ते शिकवून येत नाही. दोन वर्षं आशेवर ठेवण्यापेक्षा तोंडावर सांगितलेलं बरं, म्हणून सांगितलं."

"पण अंगासाठी बापाला बघतात..."

"बघतो ना. शंका असेल तर बघतो. याच्या बाबतीत शंका कसली? पावलं बघा त्याची, मनगटं बघा. बापाच्या वर जाईल तो. अंगाचा प्रश्नच नव्हता."

फोटो त्याने दोन्ही हातांनी परत दिला. "देखणा माणूस आहे," म्हणाला. मी "हो" म्हटलं. तुझ्या पाठीचं तुझ्या परवानगीशिवाय मी परक्याला कशाला सांगू?

तिथून तडक तावोकडे गेले. तो दुकानाच्या पायरीवर बसला होता. मला झग्यात बघूनच त्याचं तोंड उतरलं. त्याला मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "ओनेलिया, पोराने माझा हात धरला गं. रडलं नाही, काही नाही. म्हणालं, आईला सांगू नका, बाबा येईपर्यंत. मी काय करणार होतो? मी तोंडाचा फाटका माणूस, पण तेवढं नाही जमलं मला सांगायला."

घरी आले तर नेल्विन पायरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसला होता.

"पेगेरोला भेटून आले," मी म्हटलं.

त्याचे हात थांबले नाहीत. "कळलं मग."

"का केलंस रे असं?"

"मला बाबांना बघायचंय असं सांगितलं असतं, तर तू पत्र लिहिलं असतंस?"

मला 'हो' म्हणता आलं नाही, रुफिनो.

"आणि लिहिलं असतंस तरी नुसत्या माझ्यासाठी ते कशाला आले असते?" तो म्हणाला. "क्लबसाठी येतात सगळे बाप. मिनायांचा तर पोराशी बोलत पण नव्हता, आला की नाही पळत? मी म्हटलं, एकदा येऊ देत. आले की सांगू, नाही जमलं. कागद तर नाहीतच त्यांच्याकडे. परत कुठे जाणार होते?"

असा बेत होता तुझ्या मुलाचा. तुला बोलावून आणून अडकवायचं. त्याने बेसबॉल गमावला त्याच दुपारी, आंब्याखाली उभं राहून, त्याने तुला मिळवायचं ठरवलं. आणि त्यासाठी जी थाप मारली, तिच्याचमुळे तू आला नाहीस. नुसतं 'ये' म्हटलं असतं तर कदाचित काठी टेकत आला असतास. आला असतास ना? खरं सांग.

मग मी तुझा शब्द मोडला. सगळं सांगितलं त्याला, परांची, पाठ, काठी, तू फोटो का पाठवलास ते. तो ऐकत होता.

"म्हणजे माझं नुकसान होऊ नये म्हणून आले नाहीत?"

"हो."

मांडीवरचं भांडं कलंडलं, सगळी तूर अंगणात सांडली, कोंबड्या धावल्या. त्याने हाकलल्या नाहीत. तो तुझ्यासारखाच रडतो, आवाज न करता, खांदे हलवत. मी शेजारी बसून राहिले. एवढ्या मोठ्या पोराला जवळ कसं घ्यायचं ते मी विसरले होते, पण घेतलं.

रुफिनो, आता इथे कुणी स्काउट नाही. तुला कुणी उभं करून बघणार नाही, कुणी तुझी पाठ मोजणार नाही. वाकलेला ये. काठी टेकत ये, तेही जमत नसेल तर कीके खांद्यावर घेऊन बोटीवर चढवेल, मी त्याला सांगून ठेवलंय. तुझा मुलगा तुला बघायला मागतोय, बाकी काही नाही.

आणि मीही म्हणतेय, ये. हे एक वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

ओनेलिया


११ डिसेंबर १९९७

रुफिनो,

एप्रिलचं पत्र मागच्या आठवड्यात परत आलं. कीकेने ते महिनोन्महिने खिशात घेऊन तुला शोधलं आणि शेवटी शरमेने माझ्या हातात दिलं. तुझी घरमालकीण म्हणाली, ईस्टरच्या आठवड्यातच खोली सोडलीस. कुठे गेलास ते तिला सांगितलं नाहीस. कुणी म्हणतं डोंगरात कॉफीच्या मळ्यावर राखणीला आहेस, कुणी म्हणतं बोटीने आणखी उत्तरेला गेलास. वाकलेला उंच माणूस, एवढीच खूण सांगतो कीके सगळ्यांना.

म्हणजे तुला अजून काहीच माहीत नाही. जुलैत तू कुठेतरी बसून पेपर चाळला असशील. रोज. नाव नव्हतं, ते येणारच नव्हतं. आणि तुला वाटलं असेल, फोटोनेही काम झालं नाही, तिथेही मी कमी पडलो. हा विचार मनात आला की माझ्या हातातलं काम गळून पडतं.

मी हे पत्र एप्रिलच्या पत्रासोबत एकाच पाकिटात घालून पुन्हा कीकेच्याच हाती देतेय. आधी ते वाच, मग हे.

नेल्विन इथल्या बंदरावर साखरेची पोती चढवतो. हातमोजा तावोच्या धाकट्याला देऊन टाकला. शनिवारी मैदानावर जातो, पण कुंपणाबाहेर माझ्या कढईजवळ बसतो, आणि पोरांच्या पावलांबद्दल असं काही बोलतो की तावो कान देऊन ऐकतो. पेगेरो एकदा भेटला, त्याच्याशी हात मिळवला, यानिकेके खायला घातला, पैसे घेऊ दिले नाहीत मला. वाईट बोलत नाही तो कुणाबद्दल. तुझ्याबद्दल तर मुळीच नाही. मायाग्वेसची बोट आली की अजून राजधानीला जातो.

पेगेरोचं अंगाबद्दल मात्र खरं ठरलं. उन्हाळ्यापासून पोर असं वाढलंय की विजारी पुरत नाहीत. मनगटं भरली, खांदे तुझे झाले.

काल संध्याकाळी मी चुलीशी होते, दाराकडे पाठ. मागून धाड्कन आवाज झाला आणि सुताराच्या आईचा उद्धार, अगदी तोच, शब्दाला शब्द. मी वळलेही नाही. तोंडून निघून गेलं, "रुफिनो, वाकून ये, किती वेळा सांगायचं!"

भात खदखदत होता. मला वळायची हिंमत होईना, कारण वळेपर्यंत तू होतास.

"मी आहे, आई," तो म्हणाला.

मग मी वळले. तो दारात डोकं चोळत उभा होता आणि वर त्या डागाकडे बघत होता. बोट लावून बघितलं त्याने.

"इथला रंग राहिलाय," म्हणाला. "ब्रश कुठाय? आता पोचतो माझा हात."

"राहू दे तो," मी म्हटलं. "जेवायला बस."

ओनेलिया